पुस्तक परत मागणारा मास्तर

आजवर एकाच पुरुषावरून मी दुसऱ्या बाईशी वैर धरलं आहे. ती बाई माझी सख्खी वहिनी होती, आणि त्या पुरुषाला पाय नव्हते. म्हणजे काढलेलेच नव्हते. तो कॉम्प्युटरच्या खेळातला होता आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्याला कमरेपर्यंतच काढून सोडून दिलं होतं.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मी पदवी घेऊन जालन्याहून परतूरला घरी आले होते. लहानपणापासून जालन्याला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे परतूरच्या घरात मी सुट्टीत येणारी पाहुणीच होते. आता कायमची आले तेव्हा माझ्याशी काय बोलावं हे कुणाला कळेना, आणि मला तर कुणाशीच काय बोलावं ते कळत नव्हतं. मी ‘येत आहे’, ‘जेवत आहे’ असं वहीतलं मराठी बोलले की वहिनी पदर तोंडाला लावायची. मेडिकलवाल्याने ‘काय पाहिजे?’ असं जरा मोठ्याने विचारलं, तर मी डोकेदुखीच्या गोळीऐवजी जे पहिलं तोंडात येईल ते मागून परत यायचे. आमच्या घरात त्या वर्षी खोकल्याचं औषध भरपूर होतं.

अशा मुलीला कॉलेजातल्या मैत्रिणीने निघताना एका खेळाची सीडी दिली. ‘तुझ्यासारखीलाच हे आवडेल,’ असं ती म्हणाली होती. ते कौतुक नव्हतं, हे मला बरंच नंतर समजलं.

या खेळात बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. पडद्यावर एक चित्र येतं, खाली चौकटीत इंग्रजी वाक्य येतं, क्लिक केलं की पुढचं वाक्य. कुठल्याशा थंड देशातल्या गावात एक मुलगी मावशीचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान चालवायला येते. तिथे तिला तीन पुरुष भेटतात. ते काहीतरी बोलतात, मग तीन उत्तरं समोर येतात आणि त्यातलं एक आपण निवडायचं. त्यावरून ठरतं, कोण आपल्या प्रेमात पडणार ते. मला हे फार सोयीचं होतं. उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ मिळायचा, उत्तर आधीच लिहिलेलं असायचं, आणि चुकलं तर मागे जाता यायचं. खऱ्या आयुष्यात मेडिकलवाला एवढं थांबत नाही.

तिघांपैकी माझा जीव जडला तो वाचनालय सांभाळणाऱ्यावर. चष्मा, लांब बोटं, आणि बोलण्याआधी तीन टिंबं. प्रत्येक वाक्याच्या आधी तीन टिंबं. मला वाटायचं, हा माझ्यासारखाच आहे. त्याची गोष्ट मी चार वेळा शेवटापर्यंत नेली होती. काही वर्षांनंतर घरी इंटरनेट आलं तेव्हा कळलं, की जगभरच्या मुली याच्याबद्दल पानंच्या पानं लिहितात, चित्रं काढतात, तो कुणाचा यावरून भांडतात. मी त्या भांडणातही नुसती कोपऱ्यात बसून वाचत राहिले. एक अक्षर लिहिलं नाही. पण प्रत्येकीचा राग केला.

तर, एका दुपारी वहिनी अचानक आत आली. मी घाईघाईने पडदा बंद केला. आवाज बंद करायचा राहिला, त्यामुळे काळ्या पडद्यातून बासरी वाजत राहिली.

“कोण होता?” वहिनी म्हणाली.

“कोणी नाही. खेळ आहे.”

“स्थळाचा फोटो हाय का?”

“नाही हो.”

“मंग लाजून कामून राह्यल्या? लावा की.”

वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. कुंभार पिंपळगावची, दहावी झालेली, इंग्रजीत काठावर पास. मला ती ताई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मी खेळ पहिल्यापासून लावला. सुरुवातीलाच नायिकेचं नाव टाकायची चौकट येते.

“कुणाचं नाव टाकू?” मी विचारलं.

वहिनीने दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात एक नाव सांगितलं. मला क्षणभर कळलंच नाही ते कुणाचं. ते तिचंच होतं, माहेरचं. आमच्याकडे लग्नात माझ्या भावाने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून जुनं नाव कुंभार पिंपळगावातच राहिलं. नवं नाव आईने निवडलेलं, तेही कुणी घेत नव्हतं. घरात ती ‘अगं’ होती, नाहीतर ‘वहिनी’. मी ते नाव इंग्रजीत टाइप केलं. वहिनी पडद्याजवळ तोंड नेऊन अक्षरं बघत राहिली.

त्यानंतर रोज दुपारी बारा ते तीन आमची बैठक. तीनला भारनियमनामुळे लाइट जायची, म्हणून पावणेतीनपासून ‘सेव्ह केलं का, सेव्ह केलं का’ सुरू व्हायचं. वहिनी तुरीची डाळ निवडायला घेऊन बसायची. शेजारच्या आपा, ज्या आमचे ब्लाउज शिवायच्या, हूक लावायचं काम घेऊन यायच्या. मी इंग्रजी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आईला सांगितलं होतं की वहिनी कॉम्प्युटर शिकते आहे. आई मधून दारातून विचारायची, “शिकली का काही?” वहिनी म्हणायची, “चालूए.”

आणि मी बोलायला लागले. तिन्ही पुरुषांचे आवाज काढायला लागले. आमच्या घरात मी एवढी बोलते हे मलाही नवीन होतं.

पहिल्याच दिवशी तिघांना नावं पडली. तलवारवाला पहारेकऱ्यांचा प्रमुख तो फौजदार. जहाजांचा मालक तो शेठ. माझा तो मास्तर. आणि मग रीतसर चौकशी सुरू झाली.

“तीनों में से किसी की माँ दिखी क्या?” आपांनी विचारलं.

“नाही. कुणाचीच आई नाही खेळात.”

“तो फिर किसी को भी हाँ बोल दो.”

वहिनीचं समाधान होत नव्हतं. “पाय कसे हायेत ह्यांचे? सगळे कमरेपर्यंतच हायेत. जरा चालवून बघाय पाहिजे.”

आम्ही तिघी हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण आदल्याच महिन्यात मला बघायला आलेल्या लोकांनी मला न्हाणीच्या दारापर्यंत चालवून पाहिलं होतं.

दोघींनी फौजदार पसंत केला आणि मास्तरला सरळ बाद केलं. “ह्याला कोण करतंय?” वहिनी म्हणाली. “सारा दिवस धूळ झटकून राह्यला.” मी वरवर तोंड वाकडं केलं आणि मनातून निश्चिंत झाले. फौजदार त्यांचा, मास्तर माझा, अशी वाटणी मला मान्य होती.

ती आठवडाभर टिकली. मग तापाचा प्रसंग आला. नायिकेला ताप येतो. फौजदार बाहेर पहारा ठेवतो, शेठ महागडं औषध पाठवतो आणि मास्तर स्वतः वाडग्यात पेज घेऊन येतो. तीन टिंबं. मग नाव घेऊन विचारतो, “तू काही खाल्लंस का?”

मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती माझी चूक.

वहिनीचा हात सुपात थांबला. “परत म्हणा.”

मी परत म्हटलं.

“नाव घेऊन म्हणला का?”

“हो.”

वहिनी डाळीतला खडा बोटांत धरून तशीच बसली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाली, “मास्तरकडं चला.”

आता मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नाही हे जास्त वाईट. मी मास्तरला बिघडवायला घेतला. त्याने म्हणावं, “हे पुस्तक मी तुझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं.” मी सांगावं, “पुस्तक वेळेवर परत करा म्हणतोय.” त्याने म्हणावं, “तू आली नाहीस तेव्हा दिवस मोठा वाटला.” मी सांगावं, “आज वाचनालयात गर्दी कमी होती म्हणतोय.” त्याने स्वतःच्या गळ्यातला मफलर तिला द्यावा, आणि मी सांगावं की कुणीतरी विसरलेला मफलर आहे, तुमचा आहे का असं विचारतोय.

उत्तरं मात्र मी वहिनी सांगेल तीच दाबायचे. मुद्दाम चुकीचं, तुटक उत्तर दाबायचं माझ्या मनात आलं होतं. पण माझ्याच्याने झालं नाही, कारण त्याला वाईट वाटलं असतं. माणसाला खोटं सांगायला मला काही वाटत नव्हतं. चित्राचं मन मात्र मोडवत नव्हतं.

वहिनी प्रत्येक वेळी गोड उत्तर निवडायची. “आपुन नीट बोलावं,” म्हणायची. आणि मास्तर प्रत्येक वेळी, माझ्या तोंडून, पुस्तक परत मागायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती डाळीकडे बघत म्हणाली, “तापात चांगला बोलल्ता. आता माझ्याशीच असा कामून बोलून राह्यला?”

आपा म्हणाल्या, “सब मर्द ऐसेच. बीमार पडो तो पूछते.”

वहिनी हसली नाही. मला त्या वेळी थांबायला हवं होतं. मी उलट जास्त रंगात आले.

शेवटचा प्रसंग आला त्या दिवशी आपा नव्हत्या. त्यांच्याकडे लग्नसराईचे कपडे होते. मास्तर खिडकीजवळ उभा राहतो, चष्मा काढतो, बासरी सुरू होते. हे वाक्य मला पाठ होतं. ‘या दालनातलं प्रत्येक पुस्तक कुठे ठेवायचं हे मला माहीत आहे. तू आलीस की माझे हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.’ आणि आधी नाव.

मी म्हटलं, “उद्यापासून वाचनालय बंद राहणार आहे म्हणतोय.”

वहिनी उठून पडद्याजवळ आली. मास्तरच्या गालावर बोट ठेवलं.

“हे लाल कामून झालंय?”

“काय?”

“गाल. पुस्तक परत मागताना लाल, मफलर दिला तवा लाल, आता वाचनालय बंद तरी लाल.” मग तिचं बोट खाली चौकटीवर आलं. “अन् हे माझं नाव हाय. एवढं येतं मला वाचायला. वाचनालय बंद हाय हे सांगायला कोण नाव घेतं?”

मी माउसकडे बघत राहिले.

“तू खोटं सांगून राह्यलीस,” वहिनी म्हणाली. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं. “किती दिवस झाले?”

“तापानंतर.”

“मला वाटलं, माझंच काही चुकून राह्यलं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आईला सांगेल, खेळ बंद होईल, ही भीती मला होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की उद्या बारा वाजता खोलीत कुणीच येणार नाही, आणि मी परत ‘जेवत आहे’ म्हणणारी पाहुणी होईन.

“मला तो आवडतो,” मी म्हणाले. एवढं वाक्य मी खऱ्या किंवा खोट्या कुठल्याच पुरुषाबद्दल आजवर मोठ्याने बोललेले नव्हते.

वहिनीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हा?”

“हो.”

“ह्या वाळल्या काडीपायी मला रडवून राह्यल्ती?” तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण तिने हसू येऊ दिलं नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि माउस स्वतःच्या हातात घेतला. “वाच आता. जसं हाय तसं. नावासकट.”

मी वाचलं. नाव घेऊन. वहिनीला मी त्या नावाने कधी हाक मारलेली नव्हती. जीभ पहिल्या अक्षरालाच अडखळली, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की माझ्याही वाक्याआधी तीन टिंबं पडली होती. पुस्तकं कुठे ठेवायची, हात कुठे ठेवायचे, सगळं म्हटलं. माझे कान तापले होते. वहिनी समोर बघत होती.

“परत.”

परत म्हटलं. तीनला वीस मिनिटं होती.

मग तीन उत्तरं आली. मी एकेक सांगितलं, प्रामाणिकपणे. पहिलं, हो. दुसरं, मला विचार करायला वेळ दे. तिसरं, तू चांगला आहेस, पण मला माझं दुकान बघायचं आहे.

“दुसरं काय म्हणलीस?”

“मला विचार करायला वेळ दे.”

“असं बी म्हणता येतं?”

“खेळात येतं.”

वहिनीने बाण हळूहळू दुसऱ्या ओळीवर नेला आणि दाबलं. मास्तरच्या चौकटीत तीन टिंबं आली, मग एक छोटं वाक्य. मी सांगायच्या आधीच तिने विचारलं, “थांबतो म्हणला?”

“हो. हवे तेवढे दिवस थांबतो म्हणाला.”

वहिनीने स्वतः सेव्ह केलं. डाळीचं सूप उचललं आणि लाइट जायच्या आधीच स्वयंपाकघरात गेली. आई तिकडून म्हणाली, “शिकली का काही?” वहिनी म्हणाली, “शिकले.”

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती आली, आपाही आल्या. मी मास्तरची गोष्ट उघडायला घेतली, तर वहिनी म्हणाली, “आज शेठकडं चला. जहाज बघू.” त्याच्या दुसऱ्या दिवशी फौजदार. मग परत जहाज. मी सगळं जसं आहे तसं सांगत होते, एक शब्द इकडचा तिकडे करत नव्हते. पण माझं लक्ष लागत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तो चष्मा हातात धरून खिडकीशी उभाच होता.

आठव्या दिवशी राहवलं नाही. “वहिनी, मास्तरला उत्तर द्यायचं राहिलंय.”

“हां.”

“आठ दिवस झाले. बिचारा थांबलाय.”

आपांनी दातांनी दोरा तोडला आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. वहिनी डाळ निवडत होती.

“थांबू दे की,” ती म्हणाली. “पाय तरी हायेत का त्याला? जातो कुठं.”