नऊ जणांची फॅमिली

घरी किती जण असं विचारलं की देवजी आकडा सांगत नसे. बोटाच्या पेरांवरून अंगठा फिरवत एकेकाचं नाव घेई: आई जिवली, तो स्वतः, बायको सुनीता, त्यांची दोन मुलं, भावजय जानकी, तिची तीन. "कोंबड्या मोजतात, भाऊ," तो म्हणे. "माणसांची नावं घेतात."

आमच्या वर्तमानपत्राच्या मुंबई कार्यालयाची गाडी तो चालवी. त्याचं घर तलासरीच्या पूर्वेला, एका पाड्यावर. मी त्याच भागातल्या बोर्डीचा. तेवढ्या ओळखीवर तो मला साहेब न म्हणता भाऊ म्हणे. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला शिव्या देऊ लागला, तर काच खाली करून विचारी, "घरी सगळं ठीक ना?" रिक्षावाला शिवी अर्धवट सोडून मान डोलवी.

देवजी चालकांच्या खोलीत राही. पाड्यावरचं घर आणि भातशेती धाकटा भाऊ बघे. एका पावसाळ्यात तो भाऊ तापाने गेला. जानकीची दोन मोठी मुलं आश्रमशाळेच्या वसतिगृहात ठेवावीत, असं नातेवाइकांनी सुचवलं. आई देवजीला म्हणाली, "चूल वेगळी होऊ देऊ नको." त्याने शब्द दिला. शेत वाट्याने लावायचं, दोघी जावांनी मुंबईत काम धरायचं, असं ठरलं. राहिलं फक्त नऊ जण मावतील असं भाड्याचं घर.

दोन बेडरूमची घरं रिकामी होती. चार महिने सुट्टीच्या दिवशी आम्ही ती पाहिली. कांदिवलीच्या एजंटने विचारलं, "फॅमिली किती?" देवजीने नावं घ्यायला सुरुवात केली. सहाव्या नावाला एजंटने हात वर केला. "काका, मी फॅमिली विचारली, गाव नाही."

"गाव मोठं आहे," देवजी म्हणाला. "ही फॅमिलीच."

"नॉनव्हेज?"

"मिळालं तर."

त्याची उत्तरं खरी असत, अडचण तीच होती. चार-पाच जण सांग, बाकीचे पाहुणे म्हणून येतील, असं मी सुचवलं. त्याने गाडी बाजूला घेतली. "आणि जानकीच्या पोरांना काय सांगू? पाहुणे आहात, हळू बोला?"

शेवटी बोरिवलीत माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ तयार झाले. रविवारी एकटाच ये, असं मी देवजीला बजावलं होतं. तो सगळ्यांना घेऊन आला. राहणाऱ्या प्रत्येकाने घर पाहिल्याशिवाय होकार द्यायचा नाही, ही त्यांच्या पाड्याची रीत. म्हातारीने प्रत्येक भिंतीला हात लावला. मुलांनी निजायच्या जागा वाटून घेतल्या. जानकीने खिडकीपाशी उभं राहून ऊन कुठून येतं ते पाहिलं.

मालकांनी पाणी आणलं. ग्लास पुरले नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं मोजली.

"माणसं चांगली आहेत," ते मला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच म्हणाले. "पण सोसायटी चारच्या वर ऐकणार नाही. चार असतील तर चावी आत्ता देतो."

देवजीने माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत आम्हाला चावी देऊ करणारे ते पहिलेच होते.

म्हातारीच बोलली. "चार तर चार. तुझी पोरं तरी येतील."

"आयस, मी शब्द दिलाय."

"मला दिलास ना? मग मी सोडला."

जानकीने ग्लास गोळा केले आणि आत जाऊन विसळून पालथे घातले.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायचा फॉर्म मालकांनी पुढे केला. देवजीने पेन उचललं आणि माझ्या हातात दिलं. "तुम्ही लिहा, भाऊ. कोणाला वगळायचं, ते माझ्या हातून होणार नाही." मी चार नावं लिहिली. त्याखाली त्याने सही केली.

म्हातारी, जानकी आणि तिची मुलं त्याच दुपारी डहाणूच्या गाडीने परत गेली. जूनमध्ये मोठी दोन वसतिगृहात गेली.

करार अकरा महिन्यांचा होता. तो संपायच्या सुमारास मालकांचा मला फोन आला. तोच भाडेकरू पुढे ठेवायचा होता.

"असा माणूस शोधून मिळत नाही," ते म्हणाले. "घरात कोणी राहतं की नाही, तेसुद्धा कळत नाही."

मी त्यांचे आभार मानले.