सावलीत फिल्म निळी मारते

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांजवळ फोटो कमी आणि किस्से जास्त असतात. रोल धुवायला बाहेरगावी पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत वाट पाहायची. मग बसल्या बसल्या दुसरं करणार काय? आमचा अड्डा म्हणजे चंद्रपुरातला नानाभाऊंचा स्टुडिओ. तिथे नानाभाऊ, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, गोंडपिपरीहून येणारा सुनील रामटेके आणि नागभीडच्या शाळेत शिकवणारी मी. मोबाइलच्या जमान्यातही आम्ही कॅमेऱ्यात रोल भरतो. लोक हसतात, हसू देत!

आमचं अर्धं भांडण निळ्या रंगाशी. उन्हात कलर फिल्म शहाण्यासारखी वागते, पण झाडांच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशी निळी मारते. आपला डोळा सांभाळून घेतो, फिल्म घेत नाही. त्यावर उपाय म्हणजे लेन्सवर पिवळसर-तपकिरी काच लावायची, तोच वॉर्मिंग फिल्टर. कुठे हलका लावायचा, कुठे गडद, यात नानाभाऊंचा शब्द शेवटचा. निळसर फोटो दाखवला की ते तो परत हातात देत. "हा माणूस होय का मुर्दा? घेऊन जाय!"

*

सुनीलचा पहिला रोल त्याच्या मामेबहिणीच्या हळदीचा. मांडव म्हणून वर निळी ताडपत्री ताणलेली! फिल्टर लावायचं पोराच्या ध्यानीमनी नाही. फोटो आले, तर नवरी हिरवीगार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मामीनं फोटो पाहिला आणि विचारलं, "काय गा सुनील, हे हळद होय का सांबाराची चटणी?"

सुनील धावत नानाभाऊंकडे. आता कोणता फिल्टर घेऊ?

भाऊ म्हणाले, "अशा वक्ती फिल्टर नाई, ताडपत्री बदलावी लागते!"

*

फिल्टर निवडायची भाऊंची रीत जगावेगळी. वहिनींनी डब्यात दिलेला पांढरा भात ते आधी उन्हात धरून पाहायचे, मग सावलीत. सावलीत एकेक काच डोळ्याला लावायचे. ज्या काचेतून भात उन्हातल्यासारखा दिसेल, तो फिल्टर लेन्सवर. हसू नका, आमचे सगळ्यात चांगले फोटो या भातावर निघालेत.

एकदा हेमलकशाच्या वाटेवर थांबलो होतो. भाऊ एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काच घेऊन, एक डोळा मिटून उभे. मागून वानर आलं आणि डबा घेऊन झाडावर! सुनीलनं झटकन फोटो काढला.

"फिल्टर कोणता होता?" भाऊंचा पहिला प्रश्न.

"काईच नाई, भाऊ. वेळच नाई भेटला."

"मंग भात फुकट गेला न!"

*

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही नागभीडजवळ एका बांधावर फोटो काढत होतो. चिखलातून वर आलेल्या शांताबाईंनी विचारलं, "काय पाहून राह्यले वो मॅडम काचेतून?" मी त्यांच्या हातात नारिंगी फिल्टर दिला. तो आमच्याकडचा सगळ्यात गडद. त्यांनी डोळ्याला लावला आणि ओरडल्याच, "आवं माय! आता रोवला अन् कापाले आला!"

सगळ्या बायांनी आळीपाळीनं पिकलेला धान पाहून घेतला. काच परत देताना शांताबाई हळूच म्हणाल्या, "तलाठ्याले नोका दाखवू हे. नाई तं नुकसान लिवणारच नाई थो!"

*

मग एक दिवस गंमत थांबली. सुनीलनं तळ्यावरच्या बगळ्याचा फोटो आणला. ढगाळ सकाळ, फिल्टर नाही; बगळा अक्षरशः निळा. आम्ही शिव्या ऐकायच्या तयारीनं उभे. भाऊंनी फोटो खिडकीपाशी नेला, निरखला आणि सुनीलच्या पाठीवर थाप मारली. "वा गा! याले म्हणते सफेद!"

सुनीलचं तोंडच उतरलं.

डॉक्टरला दाखवलं, तर भाऊंना निघाला मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. पिकून पिवळा झालेला. ऑपरेशन करा म्हटलं की भाऊ विषय बदलायचे. शेवटी एकदा बोलले, "चष्म्याचं दुख नाई मले. डॉक्टरनं माझा रंगच नेला तं? मंग हे दुकान कायले उघडू?" रंगाची नजर गेली तर कॅमेरा हातात धरणार नाही, असंही म्हणाले. ते खरोखर घाबरले होते आणि आम्हीही.

वहिनींनी मात्र त्यांची पिशवीच भरली. "फिल्टर लेन्सवर असते. तुमचा डोळ्यात जाऊन बसला. चला, काढून आणू!"

*

पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा मी तिथेच होते. भाऊंनी भिंतीकडे पाहिलं. "भित निळी काऊन रंगवली?"

"पांढरीच आहे, काका," सिस्टर म्हणाली.

त्यांनी चादर पाहिली, स्वतःचा सदरा पाहिला. सगळंच निळसर. डॉक्टरांनी समजावलं, जुनी पिवळी लेन्स गेली की असं वाटतं, हळूहळू सवय होते. भाऊंनी मान हलवली, पण चेहरा पडला तो पडलाच. "गेला माझा रंग," एवढंच मला म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात कडुनिंबाची गर्द सावली होती. वहिनी तिथे बाकावर बसून संत्रं सोलत होत्या. भाऊ दारात थबकले. बराच वेळ पाहत राहिले.

"तुहे केस कधी पांढरे झाले वो?"

"घ्या! आज दिसले का तुमाले?" वहिनी हसायला लागल्या.

भाऊंनी माझ्यापुढे हात केला. मी माझा कॅमेरा दिला आणि सवयीनं सावलीतला गडद फिल्टरही पुढे केला. त्यांनी तो माझ्या पर्समध्ये परत टाकला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

वहिनींचा तो फोटो आता स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे, सगळ्या नवरा-नवरींच्या वर. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, भाऊंची नजर नव्या रंगांना सरावली, आमचे रोल पुन्हा शिव्या खाऊ लागले. परवा सुनीलनं धीर केला. फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, राग नोका मानू. पण हा निळा मारून राह्यला."

भाऊंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत हाये मले."