चर्चच्या भिंतीशी ठेवलेलं पान

लोणावळ्याजवळचं ते चर्च पाडणार असं कळलं तेव्हा मला आनंदच झाला. एकदाचं गंगेत घोडं न्हालं, असं मी दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायांना मोठ्यानं म्हणालेही. लहानपणी मला आणि धाकट्या बहिणीला आमच्या ठाकरवाडीतून नेऊन त्या चर्चच्या बोर्डिंगात घातलं होतं. आमची बोली तोंडातून निघाली की आतल्या गार फरशीवर गुडघ्यांवर बसवत. तिथला देव दयाळू होता म्हणे. असेल.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तापाची साथ आली. आम्ही दोघी अंथरुणाला खिळलो. मी उठले तेव्हा बहिणीची खाट रिकामी होती. "देवाघरी गेली," एवढंच बोर्डिंगच्या मोठ्या बाईंनी सांगितलं. कुठं पुरलं, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटली.

पंधरा दिवसांनी आई चालत आली. "कुटं ठेवली गं तिला?" मोठ्या बाई माझ्या मागंच उभ्या होत्या. मी उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. चर्चच्या मागच्या भिंतीकडं बोट केलं आणि म्हटलं, "हितं."

आमच्यात नवं धान्य आधी मेलेल्यांना वाढतात, मग घरचे खातात. दर वर्षी नवी वरई निघाली की आई ती शिजवून पानात बांधायची, डोंगर उतरून यायची आणि त्या भिंतीशी ठेवायची. चर्चच्या आत मात्र तिनं कधी पाऊल टाकलं नाही. पुढं आसपासच्या वाड्यांतल्या बायकाही पानं घेऊन येऊ लागल्या. त्यांचीही पोरं बोर्डिंगातून परतली नव्हती, आणि त्यांनाही कुणी जागा दाखवली नव्हती. आई त्यांना म्हणायची, "माजी हितं हाय, म्हंजी तुमची बी हितंच आसतील." मी ऐकायचे आणि तोंडातून ब्र काढायचे नाही.

पाडायची बातमी कळल्यावर आई टोपली आणि खुरपं घेऊन दवाखान्यात आली. "चल, भित पडायच्या आदी पोरीला घरी नेऊ. माती तरी नेऊ."

साठीला टेकलेली माझी आई भिंतीशी बसून माती उकरत होती. एकेक ओंजळ अलगद टोपलीत ठेवत होती. मला ते बघवेना.

"आये, ती हितं न्हाई. कुटं हाय ते मला म्हाईत न्हाई. तवा मी खोटं बोलले."

तिचा हात थांबला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. आपण का बोललो, असं मला त्याच क्षणी झालं. तिनं खुरपं टोपलीत ठेवलं. मग हळूच म्हणाली,

"बरं. मंग दुसरी कंची तरी जागा दाव."

एवढ्या मोठ्या मावळात मला तिला एक जागा दाखवता येईना.