डॉक्टरांचा अकरावा प्रश्न

डॉक्टर वासुदेवराव गेल्याचं पत्र मला नेर गावी दुपारच्या डाकेनं मिळालं. त्यांना हृदयाचा त्रास होताच. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं... आणि मग स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या पितळी डब्याकडे बघत बसले.

घाटंजीच्या दवाखान्यात मी नर्स होते आणि ते नवे डॉक्टर. पुण्याकडचे, बोलणं अगदी इस्त्रीचं. जिवाला कंटाळून काहीतरी करून बसलेली माणसं दवाखान्यात यायची. आम्ही त्यांना वाचवायचो आणि घरी पाठवायचो. पण घरी गेल्यावर ते माणूस पुन्हा तसंच करील का, हे ओळखायचं कसं, याचा डॉक्टरांनी ध्यास घेतला होता. त्यांनी दहा प्रश्न काढले, प्रत्येकाला दोन गुण. जितके गुण जास्त तितका धोका मोठा. एकाच रोग्याला त्यांनी वेगळं विचारायचं, मी वेगळं, आणि मग कागद शेजारी ठेवायचे. सुरुवातीला त्यांचे अकरा तर माझे चार! "आपणांस नैराश्य जाणवते का?" असं विचारल्यावर समोरचा म्हणायचा, "ते काय असते जी?" डॉक्टर रुसायचे, प्रश्न खोडून पुन्हा लिहायचे. वर्षभरानं आमचे गुण जुळायला लागले, तेव्हा या चिक्कू माणसानं सगळ्या दवाखान्याला चहा पाजला.

झमकी त्याच सुमारास आली. जवळच्या तांड्यातली, नवरा गेलेली, तीही जिवाला कंटाळलेली. आठवडाभरात चांगली हिंडू-फिरू लागली. मी घरून तिला डब्यात भाजी आणायची. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. झमकीनंही पहिल्यांदा डब्यात चार बोरं घातली, दुसऱ्यांदा भावानं आणलेल्या भाकरीचा तुकडा. शेवटच्या दिवशी तिला दोघांनीही दोन-दोनच गुण दिले. डॉक्टरांनी खुशीत सुट्टी लिहिली. ती हसत निघाली आणि जाताना डबा माझ्या हातात देऊन गेली... घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. "साहेब, तिले जाऊ देऊ नका."

"सिस्टर, आपले गुण जुळलेत."

"जुळले जी. पन दोघं मिळून चुकलो असलो तं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्यात पाहिलं, आणि तसेच स्लिपरवर मोटारस्टँडकडे पळाले. सुटायच्या बेतात असलेल्या मोटारीतून झमकीला आणि तिच्या भावाला उतरवून आणलं. मी प्रश्नांची यादी बाजूला ठेवून विचारलं, "झमकी, डबा रिकामा काहून देल्ला?" ती रडत म्हणाली, "आता कोनासंगं देनं-घेनं ठेवाचंच नव्हतं, बाई." ती महिनाभर दवाखान्यातच राहिली आणि जगली.

त्या दिवशी डॉक्टरांनी यादीखाली पेन्सिलीनं अकरावा प्रश्न लिहिला: घेतलेली भांडी कशी परत केली? मला फार अभिमान वाटला. पण पुढच्याच आठवड्यात तो प्रश्न विचारल्यावर एक सालदार गडी म्हणाला, "मले काय मालूम? भांडे तं बायको पाहाते." डॉक्टर कपाळावर हात मारून घेत हसले. "सिस्टर, गुण जुळणं निराळं आणि खरं निघणं निराळं. आपण दोघं अजून शिकाऊच." सुट्टी दिलेल्या माणसांच्या गावी ते सायकल दामटत जायचे, यादी खरी ठरली का ते बघायला. ती यादी पुरी झाली नाही. मला वाटतं, पुरी झाली असं म्हणायला त्यांचं मनच धजलं नाही.

गेल्या दिवाळीत चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले होते. ते खूप थकले होते. मी निघताना त्यांनी स्वतः उठून डबा आणून दिला. "बघा, रिकामा नाही हं!" आत मूठभर तुरी होत्या. झमकी दर हंगामात त्यांना तुरी पाठवते, न चुकता.

डबा फळीवर तसाच आहे. त्या तुरी शिजवायला माझं मन होत नाही.