परवाची तारीख घातलेली परात

सत्तरच्या दशकात जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि शहरात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर नगरपालिकेचा जकात नाका होता. बाहेरून येणाऱ्या नव्या मालावर जकात पडे. वापरातल्या घरगुती सामानावर पडत नसे. गावातले कितीतरी व्यवहार या एका फरकावर चालत.

बाजारातले भांड्यांचे जुने दुकान राजस्थानातून काही पिढ्यांपूर्वी आलेल्या एका शेठजींचे होते. त्यांच्या भावात जकात धरलेली असे. अंबड रस्त्याला नाक्याच्या पलीकडे, हद्दीबाहेर, दुसरे दुकान निघाले. तिथे तीच परात स्वस्त मिळे. गिऱ्हाईक तिकडे वळले. कुणी भाव उतरवायला सांगितला की शेठजी म्हणत, "नाका काय मी बसवला का?"

बाहेरच्या दुकानाशेजारी लवकरच दोन माणसे येऊन बसली. एक भांड्यांवर नावे घालणारा कारागीर, दुसरा चहावाला. नाव घातले की भांडे घरचे ठरे. चहावाला नवी पातेली थोडा वेळ चुलीवर ठेवून बूड काळे करून देई. त्याचे पैसे वेगळे नव्हते, चहा मात्र घ्यावा लागे.

माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न भोकरदनकडच्या घरात ठरले होते. तिच्या सासूबाईंनी बैठकीत एकच गोष्ट मागितली होती. "दुसरं काही नको. भांडी तेवढी नवी द्या. मोठ्या सूनबाईला जुनी दिल्ती, भावकीत अजून बोलून राह्यले." बहिणीला त्या घरात पहिल्या दिवशी मान खाली घालावी लागू नये, एवढीच आमच्या घरची काळजी होती. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि नवी भांडी त्यांना बाहेरच्या दुकानातच परवडणार होती.

लग्नाच्या दोन दिवस आधी वडील आणि मी टांगा करून गेलो. हंडा, घागर, परात आणि चार पातेली घेतली. कारागिराने विचारले, "मास्तर, काय टाकू?" वडिलांनी सवयीने सगळे सांगितले: मुलीचे सासरचे नाव, 'वडिलांकडून सप्रेम भेट' आणि लग्नाची तारीख. छिन्नी चालत होती तोवर चहावाल्याने पातेली चुलीवर चढवली. परातीलाही त्याने वरून काजळी फासली.

नाक्यावरचा कारकून ओळखीचा होता. त्याचा मुलगा वडिलांच्याच वर्गात होता. त्याने टांग्यात डोकावून पाहिले.

"मास्तर, भांडी घरची का?"

"घरचीच."

"किती दिवस वापरून राह्यले?"

"दोन वर्षं झाली असतील." वडिलांना खोटे बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

कारकुनाने परात उचलली, बोटाने काजळी पुसली आणि सावकाश वाचले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "लग्न तर परवा हाये. अन् दोन वर्सं सैपाक झाला? लई जल्दी संसार केला पोरीनं!"

मागच्या बैलगाडीवरची माणसे हसायला लागली. वडिलांनी आवाज खाली आणला. "या वेळेला सोडून द्या."

"तुम्ही हजेरीत न आलेल्या पोराला आलेला लावता का?"

वडिलांनी जकात भरली. त्यासाठी खिशातून निघाले ते शिंप्याला द्यायचे पैसे होते, आणि त्यांचा नवा कोट शिंप्याकडेच राहिला. कारकुनाने पावती लिहिली, वर म्हणाला, "नवी भांडी नवी म्हणून न्या की मास्तर. लाजायचं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी आईने आणि मी भांड्यांना चिंच लावली. परात आणि घागर चमकली. पातेल्यांची बुडे मात्र काही केल्या उजळेनात. चहावाल्याने आपले काम मनापासून केले होते.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडले. सासूबाई आल्या आणि त्यांनी पहिलेच पातेले उलटे केले. त्यांच्यामागे भोकरदनच्या चार बायका उभ्या होत्या.

"इवाई, हे काय? वापरलेली दिली?"

बहिणीने मान खाली घातली. वडील उठले, जुन्या कोटाच्या खिशातून पावती काढली आणि नवरदेवाच्या हातात दिली. त्याने ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली: नवीन पितळी भांडी, इतके नग, इतके वजन, खाली नगरपालिकेचा शिक्का.

सासूबाईंनी कागद हातात घेऊन शिक्का निरखला. "मंग काळी कोणी केली?"

"मीच करून घेतली," वडील म्हणाले. "जकात चुकवायला."

"अन् चुकली?"

"न्हाई."

त्या आधी हळू हसल्या, मग भिंतीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मागच्या बायकांनाही हसू आवरेना. पावती त्यांनी रुखवतात मधोमध, लाडवांच्या ताटाला टेकून ठेवली. "वाचा ज्याला वाचायची त्यानं."

जेवणे उरकल्यावर त्या हौदापाशी आल्या आणि आईकडे चिंच मागितली. आई नको नको म्हणत होती. त्यांनी पदर खोचला, पातेले पायांत धरले आणि बूड घासायला घेतले. बहीण हिरवा चुडा सावरत तांब्याने पाणी ओतत होती.

"अगं, जरा बराबर वत," सासूबाई म्हणाल्या. "माझं लुगडं भिजून राह्यलं."