भिमाजींचा अंधारातला मासा

लोणावळ्याजवळच्या आमच्या वलवणात सुट्टीचा बंगला रिकामा आहे हे ओळखायची सोपी खूण आहे: भरदुपारीही आत दिवा जळत असतो. घरात माणसं आहेत असं चोरांना वाटावं, म्हणून मालक राखणदाराला तसं बजावून जातात. चोर काय दूधखुळे आहेत?

शेजारच्या बंगल्यातला असा दिवा राखायचं काम भिमाजींकडे होतं. मूळचे कुरवंड्याचे, साठी उलटलेली. बायको गेली. मुलगा संदेश चाकणला कंपनीत. सुट्टी मिळत नाही एवढं सांगायला फोन करतो. हा दिवा म्हणजे हॉलमधल्या माशांच्या टाकीवरची ट्यूब. टाकीत एकच गोल्डफिश उरली होती. मालकांची नात सृष्टी हौसेने मासे घेऊन आली आणि विसरून गेली होती. भिमाजी त्या गोल्डफिशला राणी म्हणायचे. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटीच राहते. संध्याकाळी कुंपणापाशी गेले की आतून आवाज यायचा, "राणे, आज आमटीत मीठ जास्त झालं बघ." मला हसू यायचं. दिवसभरात त्यांचं बोलणं व्हायचं ते तेवढंच.

पावसाळ्यात टाकीची काच शेवाळाने हिरवी झाली. भिमाजी घासायचे, ती पुन्हा हिरवी व्हायची. राणीची नुसती सावली दिसायची. त्यातच बंगल्याच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर टाकी पाहिली. "शेवाळ खाणारा मासा आणा. दिवाळीपर्यंत काच साफ झाली नाही तर टाकी देऊन टाकू कुणाला तरी."

भिमाजी लगेच माझ्या दारात. "बाई, बाजारात संगं येता का? मला त्यातलं काय बी कळत न्हाई. राणी गेली तर मी कुनाशी बोलू?"

लोणावळ्याच्या बाजारात निलेशचं माशांचं दुकान आहे. त्याने आधी काचेला तोंड लावून शेवाळ चोखणारा काळा सकर मासा दाखवला. "काम मस्त करतो, आबा. पण वाढून हातभर होतो, आणि भूक लागली की गोल्डफिशच्याच अंगाला चिकटतो."

"मंग नगं."

दुसरे इतके इवलेसे होते की राणीच्याच तोंडात मावले असते. तिसरा पिवळा, लहानपणी गुणी आणि मोठेपणी मारकुटा.

"असली आमच्या गावात बी हायती," भिमाजी म्हणाले.

शेवटी निलेशने तोंडावर मिशा असलेला बोटभर सकर काढला. हा फार वाढत नाही, कुणाच्या वाटेला जात नाही. फक्त लाजाळू; उजेडात लाकडाखाली दडतो, अंधार पडला की बाहेर येतो.

"टाकीवरचा दिवा किती वेळ असतो, आबा?"

"कायमच. साह्यबांनी सांगितलंय."

"मग शेवाळ येणारच ना!"

मी वैतागून म्हटलं, "चोरांसाठी व्हरांड्यातला दिवा लावा आणि हा संध्याकाळी बंद करा." भिमाजींनी ऐकलं, पण त्यांना जड गेलं. अंधारात राणी कशी दिसणार?

ट्यूब बंद राहू लागली. मिशावाल्याला भिमाजी काकडीची चकतीही घालायचे. दिवाळीपर्यंत काच लख्ख झाली. साहेब आले, सृष्टीही आली. ती काचेला नाक लावून ओरडली, "आजोबा, ही किती सुंदर झालीये! मी हिला पुण्याला नेणार!"

"कमाल केलीत, भिमाजी," साहेब म्हणाले आणि राणी प्लास्टिकच्या पिशवीतून गाडीत बसून गेली. मिशावाला लाकडाखाली होता, तो कुणाला दिसलाच नाही. मला असा संताप आला की साहेबांकडे फराळ घेऊन निघालेली मी फाटकातूनच परत फिरले.

"बाई, काच लयच साफ झाली," दुसऱ्या दिवशी भिमाजी एवढंच म्हणाले.

परवा दिवेलागणीला त्यांना काकड्या द्यायला गेले. व्हरांड्यातला दिवा चालू होता. आत भिमाजी अंधारात टाकीसमोर बसले होते. मी बटणाकडे हात नेला.

"नगा, बाई. उजेड झाला की त्यो जातो."

मीही खुर्ची ओढून बसले. डोळे सरावल्यावर काचेवरून काहीतरी हळूहळू सरकताना दिसलं.

"याचं नाव काय ठेवलंत?"

"न्हाई ठिवलं," भिमाजी म्हणाले. "नाव ठिवलं की कुनीतरी न्हेतं."