खिशातली तार

राळेचा वास आला की मला आजही आधी दिसते ते एक उभारलेले बोट. रेडिओच्या तारा सांधताना कथलाच्या तापल्या थेंबातून निळसर धूर निघे आणि त्या धुरामागून हवालदार बोट वर करून म्हणत, "गप्प!" दुकानात कोणी बोलत नसले तरी म्हणत. मग तासगावच्या पेठेतल्या त्या अंधाऱ्या खणात रेडिओची खरखर गढूळ पाण्यासारखी निवळे आणि तळाशी एखादा स्वर चमकू लागे.

युद्धातून एका कानाने अधू होऊन परतलेला हा माणूस. पलटणीत त्यांचे काम बिनतारी लहरींवर पहारा ठेवण्याचे. मी शाळेचा रेडिओ दुरुस्तीला नेत असे, तेव्हा ते मलाच शिकवायला बसत. "मास्तरीणबाई, बाजारात भाजीवालीची जागा ठरल्याली असती का न्हाई? लहरींचं बी तसंच. दुसऱ्याच्या जागंवर बसायचं न्हाई." दोन केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळले, की त्यांच्या कपाळाला अशी आठी पडे, जणू कोणी त्यांच्याच शेताचा बांध कोरला आहे. अशी करडी माणसे तुम्हीही पाहिली असतील; त्यांच्यापुढे आपण उगाचच पदर सावरतो.

बेचाळीसची चळवळ पेटली, आणि रेडिओवर एक चोरटे केंद्र बोलू लागले. चळवळीच्या बातम्या, पकडलेल्यांची नावे, मध्येच खोकला.

"ह्यो गडी एका जागी बसंल तर शपथ," हवालदार चिडत. "हिकडं सरकतुया, तिकडं सरकतुया. धरून कान पिळाया पायजे ह्येचा!"

मी हसे, आणि शाळेच्या रेडिओविषयी विचारू लागे. तो गडी म्हणजे माझा थोरला भाऊ होता. विट्याच्या बाजूला, एका गुऱ्हाळाच्या खोपटात त्याचे यंत्र होते, आणि हे घरात फक्त मला ठाऊक होते.

एकदा हवालदारांनी मला एक लाकडी चौकट दाखवली. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. चौकट हळूहळू फिरवायची. आवाज विरत विरत जिथे पार नाहीसा होतो, तिथे दिशेची रेषा हाती लागते. "पर रेघंला टोकं दोन," ते म्हणाले. "बोलणारा ह्या टोकाला का त्या टोकाला, ते चौकट सांगत न्हाई." मग त्यांनी खिशातून हातभर लांबीची सरळ तार काढली आणि चौकटीजवळ उभी जोडली. "ही जोडली, की टोक बी कळतं." ती तार ते सदैव जवळ बाळगत, इतर लोक अडकित्ता बाळगतात तशी.

उन्हाळ्यातल्या एका तिसऱ्या प्रहरी ते चोरटे केंद्र हुडकायला फौजदार हवालदारांना घेऊन आमच्या दाराशी आले. पेठेत आमच्या घराचे सपाट माळवद सर्वांत उंच. चौकट वर चढली, आणि मला चहा आणायला सांगण्यात आले.

माळवदाची पांढरी माती डोळ्यांना टोचत होती. हवालदारांनी हेडफोन चढवले. त्यांच्या निकामी कानावरच्या तबकडीतून मुंगीएवढा आवाज बाहेर झिरपला. दादाचा आवाज! लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणून घेणारा. माझ्या हातातली कपबशी किणकिणली. हवालदारांनी बशीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग ते चौकट फिरवू लागले. दादा क्षीण होत गेला आणि नाहीसा झाला.

"विटा आणि सांगली," ते म्हणाले. "ह्या रेघंवर हाय."

"कोणत्या टोकाला?" फौजदारांनी विचारले.

हवालदारांच्या खाकी खिशातून तारेचे टोक उन्हात सुईसारखे लकाकत होते. त्यांचा हात खिशात गेला. दुसऱ्याची जागा बळकावणाऱ्या लहरीला ज्याने कधी क्षमा केली नव्हती, असा तो हात.

हात बाहेर आला तो रुमाल घेऊन. त्यांनी मान पुसली.

"चौकट तेवढं सांगत न्हाई, सायेब."

फौजदार हसले. "मग सांगलीच की! वीज तिथं, कॉलेज तिथं, वकील तिथं. विट्याच्या रानात रेडिओवर कोण बोलणार, म्हशी?"

"म्हशींचा काय भरवसा, सायेब," हवालदार गंभीरपणे म्हणाले.

फौजदार त्यांना घेऊनच सांगलीला निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीने विटा गाठले, आणि संध्याकाळच्या आत खोपट रिकामे झाले. सांगलीत फौजदारांच्या हाती काही लागले नाही. त्याचा राग हवालदारांवर निघाला. दुकानाचा परवाना गेला, खणाच्या दाराला सरकारी मोहोर लागली. ते आटपाडीकडच्या आपल्या गावी गेले, असे कोणी म्हणाले. स्वातंत्र्यानंतर दादा त्यांना शोधत तिकडे गेला, तेव्हा दाराला कुलूप होते आणि कुलपाला गंज.

मला मात्र ते दिसतात ते त्या तिसऱ्या प्रहरीचेच, आमच्या दारातल्या पोलिसांच्या मोटारीत, मांडीवर चौकट घेऊन बसलेले. पुढे फौजदार हँडल मारणाऱ्या शिपायावर ओरडत होते. मी माळवदावर राहिलेला त्यांचा रुमाल द्यायला धावत गेले. तो हाती देताना माझे डोळे भरले, ओठ हलले. त्यांनी खिशातले तारेचे टोक अंगठ्याने आत दाबले, चांगला कान माझ्यापासून दूर वळवला, आणि ते ओळखीचे बोट वर केले.

"गप्प."